जिल्हा परिषद किती उघडी? पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

समजा, तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची एक खोली गळते. मागच्या वर्षी दुरुस्तीला पैसे मंजूर झाले असं सरपंच म्हणतात, काम सुरूच झालं नाही असं मुख्याध्यापक म्हणतात, आणि ठेकेदार कोण हे कुणालाच ठाऊक नाही. आता मोबाइल हातात घ्या आणि घड्याळ लावून दहा मिनिटं एवढंच शोधा: किती रुपये मंजूर झाले, काम कुणाला दिलं, कधीपर्यंत पूर्ण व्हायचं होतं. सापडलं तर कुठे, नाही सापडलं तर कुठपर्यंत पोचून अडकलात, ते तारखेसह वहीत लिहा.

हे लिहिलंत की जिल्हा परिषदेच्या पारदर्शकतेची मोजणी सुरू झाली. पुढची सगळी कृती म्हणजे हेच काम जरा शिस्तीत, जास्त प्रश्नांवर, दुसऱ्या कुणी केलं तरी तेच उत्तर यावं अशा रीतीने करणं.

नवीन माणूस पारदर्शकता मोजायला बसला की संकेतस्थळ उघडतो आणि मेनूतले मथळे मोजत सुटतो. अर्थसंकल्प आहे, खूण. निविदा आहे, खूण. सभेची इतिवृत्तं आहेत, खूण. शेवटी ८० टक्के गुण! प्रत्यक्षात ‘अर्थसंकल्प’ या मथळ्याखाली चार वर्षांपूर्वीची, आडवी स्कॅन केलेली पानं असतात आणि ‘इतिवृत्त’ दाबलं की रिकामं पान उघडतं. मी स्वतः पहिल्या फेरीत असेच गुण दिले होते आणि नंतर सगळी मोजणी रद्द करावी लागली. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: मथळे मोजू नका, उत्तरं मोजा.

याला कायद्याचाही आधार आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (२) चा आशय असा, की सरकारी कार्यालयाने स्वतःहून इतकी माहिती सतत देत राहावी की लोकांना माहितीसाठी अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. मोजपट्टी कायद्यानेच हातात दिली आहे. अर्ज न करता किती उत्तरं मिळतात, हे आपण मोजायचं.

उदाहरण जिल्हा परिषदेचं घेतलं आहे, कारण राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि गावातल्या माणसाचा रोजचा संबंध असलेल्या प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावरस्ता आणि पाणी योजना यांचा मोठा भाग त्यांच्याकडे आहे. शिवाय २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार बराच काळ निवडून आलेल्या सदस्यांविना, प्रशासकांच्या हाती राहिला. सर्वसाधारण सभेत उभं राहून प्रश्न विचारणारं कुणी नसतं, तेव्हा लोकांच्या हाती फक्त कागद उरतो. महानगरपालिका किंवा नगरपरिषद मोजायची असेल तरी रीत हीच, प्रश्न तेवढे बदलतील.

पायरी १: कुंपण घाला

अख्खी जिल्हा परिषद एकदम मोजायला घेऊ नका. सामान्य प्रशासन, अर्थ, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, ग्रामीण पाणीपुरवठा, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, कृषी, पशुसंवर्धन, ग्रामपंचायत असे विभाग असतात. प्रत्येकाचा जन माहिती अधिकारी (माहितीचे अर्ज घेऊन उत्तर देणारा) वेगळा आणि सवयीही वेगळ्या. पहिल्या फेरीला तीनच घ्या. अर्थ, बांधकाम आणि तुम्हाला ज्याची ओढ आहे तो एक.

मग जे मोजताय ते खरंच त्यांचं काम आहे ना, हे बघा. रस्त्यांत ही चूक हमखास होते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. पैशाचंही तसंच. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि त्या समितीचं कामकाज जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. दुसऱ्याच्या कामाची माहिती दिली नाही म्हणून जिल्हा परिषदेला शून्य दिलंत, तर तुमच्या अहवालाचं पहिलंच पान खोटं ठरेल आणि पुढचं कुणी वाचणार नाही.

पायरी २: कायद्याची यादी एकदा स्वतः वाचा

कार्यालयात ‘१७ मुद्दे’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. ती कलम ४ (१) (ख) ची यादी: कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार, निर्णयाची पद्धत, नियम, समित्या, कर्मचाऱ्यांची यादी, त्यांचं वेतन, अंदाजपत्रक, अनुदान योजना, परवाने, जन माहिती अधिकाऱ्यांची नावं वगैरे. कायदा आल्यापासून १२० दिवसांत हे सगळं प्रसिद्ध करायचं होतं आणि नंतर दरवर्षी अद्ययावत करायचं आहे. म्हणजे ‘आमच्याकडे हे सुरू व्हायचंय’ या उत्तराची मुदत केव्हाच टळून गेली आहे.

सतराही मुद्दे सारखे महत्त्वाचे नसतात. रचना आणि कर्तव्यं एकदा लिहिली की वर्षानुवर्षं तीच राहतात. तिथे गुण मिळवणं सोपं. मी चार मुद्द्यांवर जोर देतो. आठवा: समित्या, त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का. अकरावा: प्रत्येक यंत्रणेला दिलेलं अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष वितरणाचे अहवाल. बारावा: अनुदानाच्या योजना, रक्कम, लाभार्थी. तेरावा: सवलती, परवाने कुणाला दिले. पैसा आणि निर्णय या चारांत असतो आणि माहितीही याच चारांत अडते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवायला सांगितलं आहे. त्रयस्थ यंत्रणेकडून होणाऱ्या लेखापरीक्षणाचाही त्यात उल्लेख आहे. कार्यालयात कुणी ‘तुम्ही कोण मोजणारे’ असं विचारलं, तर शांतपणे हा निकाल दाखवा.

पायरी ३: प्रश्न लोकांकडून घ्या

वीस प्रश्न पुरे. ते घरी बसून बनवू नका. ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, आशा ताईंशी बोलताना लोक जे विचारतात ते टिपून घ्या. १ मे किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वही घेऊन बसलात तर अर्धे प्रश्न तिथेच मिळतील. त्यांतले प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असेल असे निवडा. ‘आरोग्य सेवा कशी आहे?’ हा मोजणीचा प्रश्न नव्हे. ‘आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती?’ हा आहे.

माझ्या यादीत कायम असणारे काही:

स्थायी समितीच्या शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं कुठे आहेत? चालू वर्षात आपल्या तालुक्यातल्या किती शाळाखोल्यांच्या दुरुस्तीला प्रशासकीय मान्यता मिळाली? एका ठरावीक कामाचा कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र) कोणत्या तारखेचा आणि अंतिम देयक, म्हणजे शेवटचं बिल, किती रुपयांचं? समाजकल्याणच्या वस्तू वाटपासाठी लाभार्थी कोणत्या निकषावर निवडले? मागच्या लेखापरीक्षणात किती आक्षेप निघाले आणि किती निकाली निघाले? बांधकाम विभागाचा जन माहिती अधिकारी आज कोण आहे?

आणि एक प्रश्न मी कधीच गाळत नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. हा पैसा ठेवला किती, खर्च किती झाला आणि कशावर? उत्तराची वाट बघणाऱ्यांमध्ये चाकाची खुर्ची मागणारं कुणीतरी असतं. हे उत्तर संकेतस्थळावर मिळत असेल तर त्या कार्यालयाविषयी माझं मत तिथेच चांगलं होतं.

इथे अर्थसंकल्पाबद्दल सावध करायला हवं. मार्चमध्ये जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि वर्तमानपत्रात आकडा येतो. तो स्वउत्पन्नाचा, ज्याला लोक सेस फंड म्हणतात त्याचा असतो. राज्य आणि केंद्राच्या योजनांचा, शिक्षकांच्या पगाराचा, वित्त आयोगाचा पैसा त्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्या पुस्तिकेत तो तसा दिसत नाही. म्हणून ‘अर्थसंकल्प आहे का’ हा एकच प्रश्न ठेवू नका. ‘स्वनिधीचा जमाखर्च’ आणि ‘योजनांचा प्राप्त निधी व खर्च’ असे दोन करा.

पायरी ४: गुण द्यायची रीत आधी लिहून ठेवा

प्रत्येक प्रश्नापुढे चार रकाने: सापडलं का, ताजं आहे का, पूर्ण आहे का, वापरता येतं का. प्रत्येकाला ० किंवा १, अर्धा गुण नाही. अर्धा गुण ठेवला की मोजणाऱ्याचा मूड त्यात शिरतो. पहिल्या रकान्यात शून्य आलं तर पुढचे तीनही शून्य.

‘ताजं’ म्हणजे काय हे मोजणीपूर्वी ठरवा. मी असं धरतो: अर्थसंकल्प मंजूर झाल्यापासून दोन महिन्यांत चढायला हवा, इतिवृत्त तीन महिन्यांत, जन माहिती अधिकाऱ्याचं नाव आज खरं असायला हवं. शेवटच्यासाठी तिथे दिलेल्या नंबरावर फोन करून बघा. बदली होऊन वर्ष लोटलेल्या साहेबांचं नाव पाटीवर तसंच असणं ही फार सार्वत्रिक गोष्ट आहे.

उशिरा आलेल्या माहितीला गुण द्यायचे का, यावर माझं मत ठाम आहे: नाही. देशांच्या अर्थसंकल्पांची पारदर्शकता मोजणाऱ्या ओपन बजेट सर्वेक्षणात २००६ पासून १०० पैकी गुण दिले जातात, आणि तिथेही मुदतीनंतर आलेला कागद लोकांपुढे आलाच नाही असं धरतात. कारण साधं आहे. खर्च होऊन गेल्यावर हाती आलेल्या अंदाजपत्रकाने काहीच बदलता येत नाही.

शेवटी चारही रकान्यांची बेरीज वेगवेगळी दाखवा. वीसपैकी १५ गोष्टी सापडतात पण ४ च वापरता येतात, हे वाचून अधिकाऱ्याला आणि नागरिकालाही कळतं की कुठे हात घालायचा. ‘८० पैकी ३७’ वाचून काही कळत नाही.

स्पेनमध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या तिथल्या शाखेने २०१० पासून स्वायत्त प्रांतांची अशी मोजणी केली, ८० निर्देशकांवर. यादी आधीच जाहीर असल्याने प्रांतांनी तीच पानं भरली आणि फेरीगणिक सरासरी चढत गेली. त्यातून बरीच माहिती खरोखर बाहेर आली, हे चांगलंच झालं. पण सगळेच वरच्या वर्गात पोचल्यावर यादी चांगल्या-वाईटात फरक करेनाशी होते. म्हणून माझे वीसपैकी पंधरा प्रश्न कायम असतात आणि पाच दर फेरीला बदलतात.

पायरी ५: शोधायला बसा

दोघं बसा, वेगवेगळ्या जागी. एकाने संगणकावर, एकाने साध्या मोबाइलवर. प्रश्नाला दहा मिनिटं, त्यापुढे नाही. जे पान उघडलं त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि जमल्यास ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. संकेतस्थळं नव्याने बनतात तेव्हा जुने दुवे मरतात. तुमचा पुरावा टिकायला हवा.

वहीत ‘नाही’ असं लिहू नका, ‘सापडलं नाही’ असं लिहा. हा शब्दांचा खेळ नाही. कदाचित ती माहिती असेल आणि तुम्हाला मिळाली नसेल. तसं असलं तर तेही नागरिकाच्या दृष्टीने सांगण्यासारखंच आहे.

जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाहेरही चार दारं ठोठवायची असतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्ही पातळ्यांचे आराखडे आणि वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो. निविदा महाटेंडर्सवर. रोजगार हमीची कामं आणि हजेरीपट मनरेगाच्या पोर्टलवर. पंचायतींचे लेखापरीक्षण अहवाल ऑडिटऑनलाइनवर. पंधराव्या वित्त आयोगाने तर लेखे लोकांसाठी ऑनलाइन असणं ही अनुदानाची अटच केली होती. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. त्याच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस येतात. निर्णयावरची तारीख आणि संकेतांकातली तारीख शेजारी ठेवून बघा, उशीर मोजायची ती आयतीच सोय आहे.

माहिती दुसऱ्या पोर्टलवर मिळाली तर गुण द्यायचा का? मी देतो, पण जिल्हा परिषदेच्या पानावर तिकडे जाणारा दुवा आहे का हे शेजारी नोंदवतो. ई-ग्रामस्वराज हे नाव माहीत असणारा माणूस तिथे पोचतो. गावातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

मग दोघांच्या वह्या जुळवा. वीसपैकी दोनपेक्षा जास्त प्रश्नांवर उत्तरं वेगळी आली, तर दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दांत असतो. प्रश्न दुरुस्त करा, पुन्हा मोजा.

पायरी ६: फाइल उघडून बघा

खुला डेटा म्हणजे काय, याची व्याख्या शोधत बसण्यापेक्षा एक परीक्षा करा. मिळालेल्या यादीतली तुमच्या तालुक्याची बेरीज पाच मिनिटांत करता येते का?

करायला गेलात की मराठीतल्या सरकारी कागदांच्या सगळ्या अडचणी एकेक करून समोर येतात. पहिली, यादी पीडीएफमध्ये आहे आणि तीही स्कॅन केलेली, म्हणजे तो फोटोच. शोध चालत नाही, आकडा निवडता येत नाही. दुसरी, फोटो नाही, अक्षरं निवडता येतात, पण चिकटवली की भलतीच चिन्हं उमटतात. कारण मजकूर युनिकोडऐवजी, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या संकेतांऐवजी, श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला मात्र ते मराठी नसतंच. तिसरी, एक्सेल मिळालं तरी आकडे देवनागरीत टाइप केलेले. बऱ्याचदा एक्सेल त्यांना अंक न मानता शब्द मानतं आणि बेरीज शून्य येते. चौथी, एका पानावर रक्कम रुपयांत, पुढच्या पानावर ‘रु. लाखात’, आणि ते शीर्षकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात.

पण सगळ्यात जास्त वेळ खाते ती गावाच्या नावाची अडचण. वडगाव बु., वडगाव बुद्रुक, वडगांव बु॥ ही तीन गावं की एक? शेजारच्या तालुक्यातलं वडगाव वेगळंच. शाळांच्या यादीत एक लेखन, रस्त्यांच्या यादीत दुसरं, पाणी योजनेत तिसरं. तीन याद्या जोडून ‘या गावाला एकूण काय मिळालं’ हे सांगायचं तर माणूस आठवडाभर नावंच जुळवत बसतो. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला, ग्रामपंचायतीला, तालुक्याला, जिल्ह्याला एक कायमचा क्रमांक दिलेला आहे. यादीत तो एक रकाना असला की नाव कसंही लिहा, अडत नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यावर तर ज्यांच्या याद्यांत क्रमांक नव्हता त्यांची जुनी आणि नवी आकडेवारी जुळवायला हातानेच बसावं लागतं. म्हणून माझ्या चौथ्या रकान्यात, ‘वापरता येतं का’ यात, गावाचा क्रमांक असणं ही अट आहे. कडक वाटेल, पण नवीन संगणक न घेता, नवा माणूस न नेमता होणारी ही सुधारणा आहे आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

खुलेपणाची शिडी म्हणून वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची २०१० ची पाच ताऱ्यांची पद्धत जगभर वापरतात: खुल्या परवान्याने काहीही ठेवलं तर एक तारा, संगणकाला वाचता येईल अशी फाइल असली तर दोन, ती कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नसली तर तीन, आणि वरचे दोन प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता देणं आणि दुसऱ्यांच्या डेटाशी जोडणं यासाठी. जिल्हा परिषदेकडून तीन तारे मागा. सीएसव्ही फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा साधा तक्ता), युनिकोड, बस्स.

परवान्याचं थोडक्यात: केंद्राने २०१२ मध्ये डेटा खुला करण्याचं धोरण आणलं, त्याच वर्षी डेटा डॉट गव्ह डॉट इन सुरू झालं आणि २०१७ मध्ये खुल्या डेटाचा सरकारी परवाना अधिसूचित झाला. राज्यांत सिक्कीमने २०१४ मध्ये आणि तेलंगणाने २०१६ मध्ये आपापली धोरणं केली. पुणे महानगरपालिकेनेही स्वतःचं खुल्या डेटाचं पोर्टल काढलं. तुमच्या जिल्हा परिषदेच्या पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचा. ‘सर्व हक्क राखीव’ असेल तर लोकांच्या पैशाने तयार झालेली यादी पुन्हा छापायला परवानगी लागते असा त्याचा अर्थ होतो. ते अहवालात नोंदवा.

पायरी ७: मागून बघा

स्वतःहून किती देतात हे झालं. मागितल्यावर किती देतात, ही वेगळी मोजणी आहे. दोन्हींचे गुण एकत्र करू नका.

तीन विभागांना एकाच दिवशी, एकाच धाटणीचा अर्ज करा. जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. हे महाराष्ट्राच्या नियमांतलं आहे, आणि शब्दमर्यादेवरून अर्ज परत येऊ नये म्हणून मोजूनच लिहा. नमुना असा:

‘सन २०२४-२५ मध्ये आपल्या विभागाने स्वनिधीतून मंजूर केलेल्या कामांची यादी मिळावी. रकाने: कामाचे नाव, गाव, तालुका, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक व रक्कम, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, ठेकेदाराचे नाव, आजपर्यंत अदा रक्कम. यादी संगणकीकृत असल्यास एक्सेल स्वरूपात ई-मेलवर किंवा सीडीवर मिळावी.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कायद्याच्या कलम ७ (९) नुसार माहिती सर्वसाधारणपणे ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यायची असते. एक्सेलमधली यादी छापून, प्रत्येक पानाला २ रुपये घेऊन दिली, तर दिवसांच्या रकान्यात गुण आणि स्वरूपाच्या रकान्यात शून्य.

मग तारखा लिहीत जा. अर्ज पोचला कधी, उत्तर आलं कधी. मुदत ३० दिवस. दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला का; त्यासाठी पाच दिवस. मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, ती तशी दिली का. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या खंडपीठाकडे ९० दिवसांत. आयोगाकडची वाट लांब असते, म्हणून पहिल्या फेरीचा अहवाल पहिल्या अपिलाच्या निकालापर्यंतच ठेवा.

आणखी एक दार आहे, ते फार कमी लोक वापरतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. एका सोमवारी जा. दारात पाटी आहे का, कुणी बसायला सांगतं का, नस्ती (फाइल) किती वेळात समोर येते, हे लिहा. एकदा मी गेलो तेव्हा लिपिकाने शासन निर्णय माझ्याच मोबाइलवर वाचला, दोन मिनिटं विचार केला आणि बांधकामाची मोजमाप पुस्तिका आणून दिली. माहितीअभावी अडणाऱ्या माणसालाही माहितीच लागते, हे तेव्हापासून मनात ठेवून मी तो कागद नेहमी बरोबर नेतो.

अर्ज खऱ्या गरजेचाच करा. केवळ परीक्षा म्हणून पन्नास अर्ज टाकलेत तर त्याच टेबलावर पेन्शनच्या माहितीसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अर्ज मागे पडतो.

पायरी ८: पाच नोंदी जागेवर जाऊन ताडून बघा

प्रसिद्ध झालेली माहिती खरी आहे का, हे संकेतस्थळ सांगणार नाही. यादीतून डोळे मिटून पाच कामं निवडा आणि तिथे जा. कामाचा फलक आहे का, त्यावरची रक्कम यादीशी जुळते का, काम ‘पूर्ण’ लिहिलंय तर ते दिसतं का. फोटो घ्या. पाचांत एक जरी चुकीचं निघालं तरी लगेच भ्रष्टाचार म्हणू नका. कधी यादीच जुनी असते, कधी गावाचं नाव चुकलेलं असतं, त्याच वडगावचा घोळ. आधी विचारा.

लाभार्थ्यांच्या याद्यांबाबत मात्र तुमच्यावर जबाबदारी आहे. नाव, गाव, योजना आणि रक्कम समजणं लोकहिताचं असतं. पण कधी कधी याद्यांत आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर, आजाराचं नाव तसंच सुटलेलं दिसतं. ते स्क्रीनशॉटमध्ये काळं करा, पुढे पाठवू नका, आणि कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा. दुसऱ्या बाजूने, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८ (१) (ञ) बदललं आहे आणि वैयक्तिक माहितीचं कारण देऊन नकार देणं सोपं झालं आहे. म्हणून अर्जात व्यक्तीपेक्षा काम, रक्कम आणि तारीख मागा. कलम ८ (२) मात्र अजून आहे: लोकहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. नकार आला तर अपिलात हे कलम लिहा.

पायरी ९: आधी कार्यालयाला दाखवा

अहवालाचा मसुदा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि तिन्ही विभागप्रमुखांना द्या, पोच घ्या आणि पंधरा दिवस थांबा. दोन गोष्टी घडतात. काही ठिकाणी ते तुमची चूक दाखवतात, आणि ती खरोखर तुमची चूक असते, दुरुस्त करा. काही ठिकाणी पंधरा दिवसांत ती फाइल संकेतस्थळावर चढते. गुण मोजणीच्या दिवसाचेच ठेवा, पण शेजारी ‘या तारखेला प्रसिद्ध झालं’ हे आवर्जून लिहा. ज्या लिपिकाने रात्री बसून ती यादी चढवली, त्याच्या कष्टाची तेवढी नोंद व्हायलाच हवी.

प्रसिद्ध करताना पूर्ण तक्ता जोडा: प्रश्न, चारही रकाने, दुवा, तारीख, मोजणारे दोघं. तुमची फाइलही युनिकोडमध्ये, इंग्रजी अंकांत, गावाच्या क्रमांकासह असू द्या.

दुसरी फेरी

वर्षातून दोन वेळा पुरे. मेच्या अखेरीस एकदा, कारण मार्चमध्ये मंजूर झालेला अर्थसंकल्प तोवर लोकांपुढे यायला हवा. नोव्हेंबरमध्ये एकदा, कारण निम्मं वर्ष सरलेलं असतं आणि खर्चाचा कल कळतो, अजून काही बदलायलाही वेळ असतो. दुसऱ्या फेरीत नवं काही शोधण्याआधी मागच्या फेरीचे सगळे दुवे एकेक करून उघडा. जे तेव्हा होतं आणि आता नाही, त्यासाठी तक्त्यात पाचवा रकाना काढा, त्यात मागच्या स्क्रीनशॉटची तारीख लिहा आणि तो कागद परत कधी ठेवणार एवढंच विचारणारं पत्र त्याच आठवड्यात द्या.